विंडशील्डची काच: गाडीतून काढण्यापासून भट्टीपर्यंत

तडा गेलेल्या विंडशील्डवर हातोडा घातला तर ती खळ्ळकन खाली सांडत नाही. बोदा आवाज येतो, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पसरतात आणि काच जागच्या जागी राहते. आणखी वीस-पंचवीस घाव बसले की ती ओल्या गोधडीसारखी लुळी पडते. मधोमध धरून उचलली तर दुमडते, कडेनं थोडा चुरा झरतो, पण तुकडे एकमेकांना सोडत नाहीत. अपघातात माणसाचा चेहरा वाचवणारा हाच तो गुण. रिसायकलिंगची खरी अडचणही तीच.

भंगारात निघालेल्या गाडीतून ही काच आधी काढली नाही, तर गाडी दाबून श्रेडरमध्ये, म्हणजे तिचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रात जाते आणि काचेचा भुगा फोम, रबर, माती, कापडाच्या तंतूंमध्ये मिसळतो. त्या ढिगातून काच परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. लोखंड चुंबकाला लागतं, ॲल्युमिनियम वेगळं निघतं, काच मात्र कचऱ्याबरोबर पुरली जाते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ मी गाडीपाशीच घालवणार आहे. पुढचं यंत्र किती भारी आहे हा नंतरचा प्रश्न. पहिल्या पंधरा मिनिटांत काच कशी काढली, कुठे ठेवली, तिला काय चिकटू दिलं, यावर तिची परत काच होणार की नाही हे ठरतं.

काचेच्या पोटात काय असतं

विंडशील्ड ही एक काच नसते, दोन असतात. प्रत्येकी सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाच्या प्लास्टिकची पारदर्शक फिल्म. या फिल्मला सगळे पीव्हीबी म्हणतात. तिची नेहमीची जाडी ०.७६ मिलिमीटर. या बांधणीला लॅमिनेटेड काच म्हणतात.

कल्पना जुनी आहे. १९०३ साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच माणसाच्या हातून प्रयोगशाळेतला एक काचेचा चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. आत वाळून राहिलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ थरानं तुकडे धरून ठेवले होते. त्यावरून त्यानं १९०९ मध्ये पेटंट घेतलं. सेल्युलोजचा थर उन्हानं पिवळा पडायचा, त्यामुळे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची जागा पीव्हीबीनं घेतली आणि ती आजही त्याचीच आहे.

आता थोडं गणित करू, कारण पुढे ते कामाला येतं. १.२ चौरस मीटरची विंडशील्ड धरा. दोन्ही काचा मिळून ४.२ मिलिमीटर जाडी आणि काचेची घनता पाण्याच्या अडीच पट, म्हणजे काच झाली सुमारे १२.६ किलो. फिल्मची घनता पाण्याहून जेमतेम जास्त, १.०७ च्या आसपास, म्हणून फिल्म भरते एक किलोला थोडी कमी. याचा अर्थ वजनानं फिल्म फक्त ७ टक्के. शंभर विंडशील्ड गोळा केल्या, तर साधारण १,२६० किलो काच आणि ९८ किलो फिल्म हाताशी येते. आकडा लहान दिसला तरी ते ९८ किलो हलकं समजू नका. काचेत राहिलं तर काच बिघडवतं, स्वच्छ निघालं तर वजनाच्या मानानं काचेपेक्षा कितीतरी जास्त मोलाचं ठरतं.

काच आणि फिल्म सोडून आणखी काय असतं? कडेनं फिरणारी काळी पट्टी. पुष्कळांना तो रंग वाटतो. प्रत्यक्षात ती फ्रिट असते, म्हणजे धातूंची ऑक्साइडं मिसळलेला सिरॅमिक थर, काचेवर छापून भाजलेला. घासून निघत नाही. काच बॉडीला चिकटवणाऱ्या युरेथेन सीलंटला ऊन लागू नये आणि त्याची पकड टिकावी, म्हणून ती पट्टी असते. शिवाय आरशाचं बटण, पावसाचा सेन्सर आणि त्याखालचा जेलचा पॅड, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट, अँटेनाच्या तारा, काही काचांत गरम होणाऱ्या बारीक तारा किंवा ऊन परतवणारा धातूचा अतिसूक्ष्म थर. नव्या गाड्यांत आवाज अडवणारी फिल्म असते, ती स्वतःच तीन थरांची. डॅशबोर्डवरचे आकडे काचेवर दाखवणाऱ्या गाड्यांत फिल्म एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असते. वरच्या कडेची निळी-हिरवी सावलीची पट्टी बहुतेक वेळा फिल्ममध्येच असते, काचेत नाही.

काढण्याआधी एकदा विचार करा

दगड उडून पडलेला लहानसा टवका असेल आणि तो ड्रायव्हरच्या थेट नजरेच्या रेषेत नसेल, तर त्यात रेझिन भरून काच वाचवता येते. टवका सहसा बाहेरच्या काचेपुरताच असतो. आतली काच आणि फिल्म शाबूत असते. टवक्यात पाणी-धूळ शिरण्याआधी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली, तर दुरुस्ती छान बसते. भंगारातल्या गाडीची काच अखंड असेल, तर ती अखंडच उतरवून दुसऱ्या गाडीला जाऊ द्या. रिसायकलिंगचा क्रमांक या दोन्हींनंतरचा, असं मी मानतो. आहे ती काच वापरात राहण्यासारखी बचत कुठलीच भट्टी देत नाही.

कुठली काच लॅमिनेटेड, कुठली टफन

मागची काच आणि बहुतेक दारांच्या काचा टफन असतात, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेल्या. यालाच टेम्पर्डही म्हणतात. त्या फुटल्या की बोथट कडांच्या लहान तुकड्यांचा ढीग होतो, आत फिल्म नसते. ती सरळ काचचुऱ्यात जाऊ शकते, मागच्या काचेवर चांदीयुक्त शाईच्या गरम होणाऱ्या रेषा छापलेल्या असतात एवढंच लक्षात ठेवायचं. लॅमिनेटेडला मात्र वेगळी वाट लागते. दोन्ही एकाच पिंपात टाकल्या, तर फिल्म वेगळी करणाऱ्या यंत्राला टफनचा चुरा नुसता अडथळा होतो.

ओळखायची सोपी रीत म्हणजे कड बघणं. दाराची काच अर्धी खाली करून वरची कड पाहा. लॅमिनेटेड असेल तर दोन काचांमधली बारीक रेघ स्पष्ट दिसते. नखानं टिचकी मारली तर टफन काच खणखणीत वाजते, लॅमिनेटेड दबकी. पोलरॉइड चष्म्यातून उन्हात पाहिलं तर टफन काचेवर ठिपके किंवा पट्टे उमटलेले दिसतात. ते टफन करताना काचेत अडकलेल्या ताणाचे ठसे असतात. आणि काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचायला विसरू नका, त्यावर बरेचदा 'लॅमिनेटेड' किंवा 'टेम्पर्ड' असं सरळ लिहिलेलं असतं. हल्ली पुढच्या दारांच्या काचा आणि छताची काचही लॅमिनेटेड निघू शकते, तेव्हा जागेवरून अंदाज बांधू नका.

अंगावर काय घालायचं

कटरोधक हातमोजे, मनगटापासून कोपरापर्यंत झाकणाऱ्या बाह्या, बाजूनं बंद असणारा चष्मा, जाड बूट. करवत चालवणार असाल तर एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क आणि कानाला संरक्षण. काचेची धूळ वाळूच्या स्फटिकी धुळीइतकी घातक नसली, तरी ती डोळ्यांना, घशाला आणि फुफ्फुसांना त्रास देतेच. जुन्या काचांच्या काळ्या पट्टीत शिसं असू शकतं. म्हणून पट्टीवर कोरडी करवत कधीच चालवू नका, पाण्याची धार हवीच. काम संपल्यावर कपडे झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हातमोज्यांच्या शिवणीत अडकलेले चमचमते कण नंतर घरी डोळ्यापर्यंत पोचतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

सीलंट किंवा फिल्म जाळून काढायचा मोह टाळा. गरम होणाऱ्या युरेथेनमधून विषारी वाफा निघतात, पीव्हीबी जळताना उग्र, झोंबणारा धूर होतो. शिवाय जळकी काजळी काचेला चिकटून बसते आणि सगळा माल वाया जातो.

गाडीतून काच काढणं

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि काही मिनिटं थांबा. काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये पडदा एअरबॅग असू शकते, तिच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. खांबांची आतली प्लास्टिकची आवरणं खेचायची वेळ त्यानंतरची. मग वायपरचे दांडे काढा आणि काचेखालची जाळीदार प्लास्टिकची पट्टी, म्हणजे काउल, उतरवा. तिच्याखाली पाला, माती, खडे साठलेले असतात. इथे पाच मिनिटं द्या. ब्रश मारा, जमलं तर पाण्यानं धुवा. काच सुटली की हाच कचरा खालच्या कडेला सीलंटवर चिकटतो आणि पुढे दगड म्हणून भट्टीत पोचतो.

काढण्याच्या दोन वाटा आहेत. कुठली धरायची हे माल कुणाला द्यायचा यावर अवलंबून असतं, म्हणून घेणाऱ्याशी आधीच बोलून घ्या.

पहिली वाट, सीलंट कापून पूर्ण काच काढायची. रबर बीडिंग ओढून काढा. काच आणि बॉडीच्या मध्ये टोकदार सुई घालून सीलंटला भोक पाडा, त्यातून चौकोनी छेदाची कटिंग वायर आत घ्या, दोन्ही टोकांना मुठी लावा. एक माणूस आत, एक बाहेर. तार करवतीसारखी पुढे-मागे ओढत पूर्ण घेर कापायचा. घाई केली की तार तापते आणि तुटते. त्यापेक्षा लांब, संथ ओढ घ्या आणि वाटेत साबणाच्या पाण्याचा फवारा मारत राहा. कोपऱ्यांत सीलंट जाड असतो, तिथे कोल्ड नाइफ, म्हणजे सीलंट कापायचा हाताचा सुरा, बरा पडतो. शेवटचा हातभर भाग राहिला की काचेला दोन सक्शन कप लावा आणि दोघांनी मिळून उचला. काच १३-१४ किलोची असते, पण आकारामुळे एकट्याला सांभाळत नाही. या रीतीत काच पूर्ण मिळते, मात्र तिच्यासोबत काळी पट्टी आणि सीलंटचा दोरही येतो.

दुसरी वाट, काळ्या पट्टीच्या आतून काच कापून घ्यायची. काच कापायच्या करवतीनं, पाण्याची धार धरून, पट्टीपासून बोटभर आत घेर कापला, तर हातात येते ती फक्त स्वच्छ काच आणि फिल्म. सीलंट, फ्रिट, बीडिंग सगळं बॉडीवरच राहतं. आरशाभोवतीची काळी जागाही अशीच वगळून कापायची. तोटाही आहे. पट्टीची रुंदी सरासरी ५ सेंटिमीटर धरली, तर काचेचा साधारण पाचवा हिस्सा मागे राहतो आणि बॉडीबरोबर श्रेडरला जातो.

भंगाराच्या गाड्यांना मला दुसरी वाट जास्त आवडते. वेळ कमी लागतो, माल स्वच्छ निघतो आणि पट्टीतली काच तशीही उंची दर्जाच्या भट्टीत चालत नाही. मात्र फोमग्लास, म्हणजे काचेचे हलके फेसाळ ठोकळे, बनवणारा घेणार असेल, तर त्याला काळ्या पट्टीचं फारसं वावडं नसतं. अशा वेळी पूर्ण काच काढून फक्त सीलंट तासून दिला तरी भागतं.

टेबलावरची साफसफाई

उतरवलेली काच लाकडी किंवा रबर लावलेल्या टेबलावर ठेवा. सेन्सर आणि कॅमेऱ्याचा ब्रॅकेट पातळ पात्यानं सुटतो. आरशाचं धातूचं बटण घट्ट चिकटलेलं असतं, त्याला हॉट एअर गननं थोडी ऊब द्या आणि बाजूनं छिन्नीचा हलका ठोका मारा. सगळा धातू निघायला हवा. विशेषतः ॲल्युमिनियमचा लहानसा तुकडासुद्धा. वितळलेल्या काचेत ॲल्युमिनियम सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे सिलिकॉनचे कडक गोळे राहतात. ते काचेत अडकले की थंड होताना तिथूनच तडा जातो. स्टिकर, टोलचे टॅग, बाहेरून लावलेली टिंट फिल्म हे सगळं खरवडून टाका. टिंट फिल्म राहिली तर ती पीव्हीबीत मिसळते आणि तिचं प्लास्टिक वेगळ्या जातीचं असल्यामुळे नंतर फिल्मच्या मालात गुठळ्या होतात.

सीलंटचा दोर धारदार पात्यानं तासा, एखादा मिलिमीटर राहिला तर चालेल.

साठवण

काँक्रीटची फरशी, वर छप्पर, आणि काचा उभ्या. लाकडी ए-आकाराच्या चौकटीवर एकाच वाकाच्या काचा एकमेकींत बसवून ठेवल्या तर कमी जागेत खूप मावतात. पावसानं काच बिघडत नाही. बिघडते ती चिखलानं आणि खड्यांनी. मातीच्या अंगणात टाकलेला ढीग उचलताना फावड्याबरोबर दगड येतोच. दगड, चिनीमाती, विटांचे तुकडे, सिरॅमिक, यांतलं काहीच काचेच्या भट्टीत नीट वितळत नाही. एका टनात मूठभर खडे आले तरी संपूर्ण गाडी परत पाठवणारे ग्राहक आहेत, आणि त्यांचं बरोबरही आहे.

वेगळ्या ठेवायच्या गोष्टी: टफन काच, आरसे, हेडलाइट (त्या बहुधा पॉलीकार्बोनेटच्या असतात), गोळीरोधक काच, आणि स्वयंपाकाच्या शेगडीवरची उष्णतारोधक काच. ही शेवटची दिसायला अगदी काचेसारखी, पण वितळण्याच्या बाबतीत दगड. एखादी कुणी ढिगात टाकली की शोधून काढणं फार अवघड.

तारा असलेल्या किंवा धातूचा थर असलेल्या काचा ओळखता आल्या, तर त्यांचा वेगळा गठ्ठा करा. तिरक्या उजेडात धातूच्या थराची काच किंचित जांभळट किंवा सोनेरी झाक दाखवते.

काच आणि फिल्म वेगळी करणं

मोठ्या कारखान्यात विंडशील्ड दातेरी रोलरमधून जाते. रोलर काचेला वाकवतात, चुरतात, आणि बरीचशी काच फिल्मवरून झडून चाळणीतून खाली पडते. पुढे हॅमर मिल किंवा फिरत्या पात्यांचं यंत्र उरलेली काच झोडपून काढतं. मग चुंबक, लोखंड सोडून बाकीचे धातू वेगळे करणारा एडी करंट सेपरेटर, हवेच्या झोतानं फिल्मचे हलके तुकडे उडवणारी यंत्रणा, आणि शेवटी कॅमेऱ्यानं अपारदर्शक कण ओळखून हवेच्या फुंकरीनं बाजूला टाकणारी छाननी. तरीही फिल्मवर काचेची बारीक पूड चिकटून राहते. तिच्यासाठी धुलाई लागते.

ही चिकट जिद्द कुठून येते ते समजून घेण्यासारखं आहे. पीव्हीबीच्या रेणूंवरचे हायड्रॉक्सिल गट काचेच्या पृष्ठभागाला हायड्रोजन बंधांनी धरतात. पाणी या बंधांच्या मध्ये शिरू शकतं. म्हणूनच विंडशील्ड बनवताना फिल्मची आर्द्रता अर्ध्या टक्क्याच्या आसपास काटेकोर सांभाळतात. फिल्म ओलसर असेल तर पकड ढिली पडते. बनवणाऱ्याला पाण्याची भीती असते, आपल्याला त्याच पाण्याची मदत होते.

लहान प्रमाणावर, समजा आठवड्याला दहा-वीस काचांचं काम असेल, तर असं करता येतं. लोखंडी जाळी स्टँडवर ठेवा, खाली रुंद ट्रे. काच जाळीवर पसरा, पाण्याचा बारीक फवारा मारा आणि चपट्या तोंडाच्या हातोड्यानं बोट-बोट अंतरावर ठोकत जा. वरची बाजू झाली की उलटवून दुसरी. कडक उन्हाच्या वेळी हे काम करू नका. फिल्म तापली की रबरासारखी ताणते आणि तुकडे सोडत नाही. सकाळच्या गारव्यात ती ताठ असते, काच चटकन झडते. मग ही चुरलेली काच जाळीच्या कडेवरून चटई झाडावी तशी वाकवत, पुढे-मागे ओढा. इथे जो आवाज येतो तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मजा वाटते, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. ट्रेमध्ये बहुतांश काच जमा होते.

हातात उरते ती पांढुरकी, खरखरीत चादर. ती हातभर रुंदीच्या पट्ट्यांत कापा आणि कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून रात्रभर भिजत ठेवा. तड्यांतून पाणी आत शिरतं. सकाळी फिल्म दुधी झालेली दिसेल, म्हणजे तिनं पाणी प्यायलं. आता ताठ ब्रशनं घासली की राहिलेले कण सुटतात. बोटानं चाचपून पाहायचा मोह आवरा, दिसत नसलेला कण हातमोज्यातूनही टोचतो. उजेडासमोर धरा, चमकणारे ठिपके दिसले तर पुन्हा भिजवा.

धुतलेलं पाणी गटारात सोडू नका. पिंपात दोन दिवस निवळू द्या, तळाशी काचेचा गाळ बसतो. वरचं पाणी परत वापरा. गाळ वाळवून वेगळा ठेवा, त्यात फिल्मचे तंतू जास्त असतात.

माल चांगला आहे का, हे कसं कळणार

काचचुऱ्यात फिल्म किती राहिली हे डोळ्यांना कळत नाही. पीव्हीबी साध्या पाण्यात बुडते, काचही बुडते. पण एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवलं तर पाण्याची घनता फिल्मपेक्षा वाढते. या पाण्यात साबणाचा थेंब टाका, वाळवलेल्या काचचुऱ्याची मोजून एक किलो मात्रा टाका आणि ढवळा. काच तळाला बसते, फिल्मचे तुकडे तरंगतात. ते गाळून, धुवून, वाळवून वजन करा. एका किलोमागे किती ग्रॅम फिल्म आहे हे घरच्या घरी कळतं. हा नमुना परत ढिगात मात्र मिसळू नका, मिठातला क्लोराइड भट्टीला नको असतो.

काचेच्या कणाला घट्ट चिकटलेली फिल्म या चाचणीतून निसटते, ती काचेबरोबर बुडते. त्यासाठी ज्वलनातली घट मोजतात. पूर्ण वाळवलेल्या नमुन्याचं वजन घ्यायचं, मफल भट्टीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या लहान बंद भट्टीत, सुमारे ५५० अंश सेल्सियसवर तासभर ठेवायचं, थंड झाल्यावर पुन्हा वजन. जितकं घटलं तितका सेंद्रिय अंश. घेणारा हाच आकडा मागतो. कारण काचेच्या वितळलेल्या रसाचं ऑक्सिडेशनचं गणित फार नाजूक असतं. प्लास्टिकचा कार्बन त्यात गेला की काचेतल्या लोहाची अवस्था बदलते, रंग सरकतो, फेस येतो, आणि सगळी भट्टी काही काळ हाताबाहेर जाते.

काच कुठे जाते

स्वच्छ काचचुऱ्याला कलेट म्हणतात. कच्च्या मालात वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी असते. ती सुमारे १,५०० अंशांवर वितळवावी लागते आणि सोडा ॲश, चुनखडी यांच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो वेगळाच. कलेट आधीच काच आहे, तिच्यातून तो वायू येत नाही. मिश्रणात दर १० टक्के कलेट वाढवली की भट्टीची ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्के वाचते, आणि एक टन कलेट सुमारे १.२ टन कच्च्या मालाची जागा घेते.

तरीही विंडशील्डची काच परत विंडशील्ड होणं अवघड. सपाट काचेच्या भट्टीला डोळ्यासमोरचा एक बुडबुडाही चालत नाही. बाटल्यांची भट्टी थोडी उदार. सगळ्यात मोठा आणि समजूतदार ग्राहक म्हणजे ग्लास वूल, भिंती-छपरांतला तो पिवळसर लोकरीसारखा उष्णतारोधक. त्यात ८० टक्क्यांपर्यंत जुनी काच चालू शकते. फोमग्लाससाठी काच पिठासारखी दळून त्यात फेस आणणारा पदार्थ मिसळतात आणि ८०० ते ९०० अंशांवर तापवतात. वायूचे बुडबुडे अडकून हलका, पाणी न शोषणारा ठोकळा तयार होतो. आणखी एक वापर मला फार भावतो: काचेची बारीक पूड ज्वाळेतून खाली सोडली की प्रत्येक कण वितळून पृष्ठताणामुळे गोल मणी होतो. हेच मणी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांत टाकतात, रात्री दिव्याच्या झोतात त्या चमकतात त्या याच मण्यांमुळे.

काँक्रीटमध्ये खडीऐवजी काच टाकायचा सल्ला पुष्कळजण देतात. सरसकट तसं करू नका. सिमेंटमधला अल्कली आणि काचेतला सिलिका यांची अभिक्रिया होऊन पाणी पिऊन फुगणारा जेल तयार होतो आणि काँक्रीटला आतून तडे जातात. काच ७५ मायक्रॉनच्या खाली दळली तर उलटा, चांगला परिणाम होतो. ती सिमेंटसारखी बांधणीला मदत करते. म्हणजे एकच पदार्थ जाडा वापरला तर नुकसान, पिठासारखा वापरला तर फायदा.

आणि फिल्म

पीव्हीबी तापवली की वितळते, थंड केली की घट्ट होते, म्हणून ती पुन्हा पुन्हा आकार घेऊ शकते. तिच्यात साधारण पंचवीस ते तीस टक्के प्लास्टिसायझर, म्हणजे मऊपणा आणणारं द्रव्य, आधीच मिसळलेलं असतं. त्यामुळे गालिच्याच्या चौकोनांची पाठ, आवाज अडवणाऱ्या चादरी, बुटांचे भाग, नायलॉनला चिवटपणा देणारी भर, चिकटवण्याची द्रावणं अशा ठिकाणी ती पीव्हीसीच्या जागी चालते.

परत विंडशील्डमध्ये का जात नाही? निरनिराळ्या कारखान्यांच्या, निरनिराळ्या काळातल्या फिल्ममध्ये प्लास्टिसायझर आणि रेझिनची प्रमाणं वेगळी असतात. एकत्र वितळवली की त्यांचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं प्रमाण, जुळत नाही आणि फिल्म धुरकट होते. गालिच्याच्या पाठीला ते चालतं, ड्रायव्हरच्या नजरेला नाही. म्हणून आवाजरोधक तीन थरांची फिल्म, सावलीची रंगीत पट्टी आणि साधी पारदर्शक फिल्म वेगवेगळ्या ठेवल्या तर मालाचा दर्जा वाढतो. रंगीत पट्टी धुताना कात्रीनं कापून काढायला फार वेळ लागत नाही.

वाळवताना घाई नको. सावलीत, वारा खेळता, दोरीवर. ६० अंशांच्या वर तापवली तर पट्ट्या एकमेकींना चिकटून गोळा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. फिल्म परत पूर्ण पारदर्शक झाली म्हणजे पाणी निघालं. ओली फिल्म एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यातून ढकलणाऱ्या यंत्रात गेली तर वाफेचे बुडबुडे येतात. वाळलेल्या पट्ट्यांचे बोटभर तुकडे करा, वर चॉक पावडर हलकीशी भुरभुरा आणि श्वास घेणाऱ्या पोत्यांत, थंड जागी, एकावर एक दोनपेक्षा जास्त न रचता ठेवा. तिसऱ्या पोत्याच्या वजनानं खालची फिल्म दबून एकसंध ठोकळा होतो आणि तो कापायला पुन्हा करवत काढावी लागते. पोत्यावर तारीख, फिल्मचा प्रकार आणि किती वेळा धुतली तेवढं मार्करनं लिहून ठेवा.